गरोदरपणी डोके दुखते तेव्हा



शेतकी खात्याच्या या पानावर लावण, खत, पाणी आणि तोडणी यांखेरीज दुसरे काही छापून येत नाही, अशी आपली सवय. या अंकात विषय वेगळा घेतला आहे. त्याचे कारण असे, की आम्ही गटात फिरतो ते उसाच्या नोंदीसाठी, पण ओसरीवर टेकलो की घरातली दुखणीखुपणीही कानावर येतात. "सूनबाईचं डोकं चार दिवस दुखतंय, सातवा महिना आहे, गोळी दिलीय," हे वाक्य आम्ही पुष्कळ घरी ऐकले आहे. गोळी कोठली, तर किराणा दुकानातली. रक्तदाब शेवटचा कधी मोजला, तर कोणाला आठवत नाही. आम्ही डॉक्टर नव्हे, आमचा डिप्लोमा शेतीचा. म्हणून ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर व आरोग्य सेविका यांच्याकडून नीट समजून घेऊन मगच हे लिहायला बसलो आहोत.

उसाचे पान पिवळे पडले म्हणजे आपण काय करतो? नत्र कमी पडले तरी पान पिवळे, लोह कमी पडले तरी पिवळे, पाणी साचले तरी पिवळे, आणि खाली हुमणी लागली तरी पिवळेच. सगळ्यांवर युरिया फेकणारा शेतकरी पैसे घालवतो आणि हुमणी मुळ्या खात राहते. गरोदर बाईच्या डोकेदुखीचेही तसेच आहे. बहुतेक वेळा कारण साधे असते आणि उपाय घरातच असतो. पण एक कारण असे आहे की ते ओळखायला उशीर झाला तर बाई आणि बाळ दोघेही हातचे जातात.

आधी साधी कारणे. पहिल्या तीन महिन्यांत शरीरातली संप्रेरके बदलतात, रक्ताचे प्रमाण वाढू लागते, त्यामुळे कित्येकींचे डोके अधूनमधून जड होते. त्यात सकाळच्या उलट्या. पोटात अन्न ठरत नाही, पाणी ठरत नाही, आणि घरच्या रीतीप्रमाणे सगळ्यांची जेवणे उरकल्यावर ती दुपारी दीडला जेवायला बसते. डोके दुखणार नाही तर काय होईल? अशा बाईने दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे. अर्धी भाकरी, मूठभर शेंगदाणे, एखादे केळे, वाटीभर ताक. यासाठी घरात वेगळा खर्च नाही, फक्त तिला आधी खाऊ द्यायला हवे. उपवासाचेही तेच. एकादशी-संकष्टी नऊ महिने बाजूला ठेवली तर देव रागवत नाही, असे आमच्या आईनेच आमच्या घरात ठरवून टाकले होते.

पाण्याची गोष्ट जरा नाजूक आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. रानात काम करणारी बाई दिवसभर पाणी मुद्दाम कमी पिते. तहान नसते म्हणून नव्हे. लघवीला जायला आडोसा नसतो म्हणून. उन्हात भांगलण करायची आणि पाणी प्यायचे नाही, यात संध्याकाळी कपाळ ठणकते ते वेगळेच, शिवाय लघवीची जळजळ मागे लागते. विहिरीच्या कडेला चार पत्रे उभे केले तरी हा प्रश्न सुटतो. ठिबकसाठी हजारो रुपये घालणाऱ्या सभासदाला हे अवघड नाही.

चहाचे एक गमतीचे आहे. पुष्कळ जणींना गरोदरपणी चहाचा वास नकोसा होतो आणि रोज चार कप पिणारी बाई एकदम बंद करते. एक-दोन दिवसांत डोके धरते. हा चहा तुटल्याचा त्रास, आठवडाभरात आपोआप जातो. चहा हळूहळू कमी केला तर तोही होत नाही. दिवसाला दोन-तीन लहान कप चालतात, मात्र जेवणाला लागून नको. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, आणि आपल्याकडे बायांच्या अंगात रक्त आधीच कमी. रक्त कमी असले म्हणजे थकवा, धाप आणि त्याबरोबर डोकेदुखीही होते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले म्हणजे गरोदर बाईला रक्त कमी आहे असे धरतात. सरकारी दवाखान्यात लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून मिळतात. दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत. कॅल्शियम जेवणाबरोबर आणि लोहाची गोळी जेवणानंतर दोन तासांनी. लोहाच्या गोळीने शौचास काळे होते, ते पाहून गोळ्या फेकून देऊ नका.

धूर आणि औषध ही दोन कारणे मात्र आपल्या धंद्यातली आहेत. कोंदट स्वयंपाकघरातल्या चुलीच्या धुराने डोके दुखते हे सर्वांना माहीत आहे. पाचटाच्या धुराचेही तेच, आणि पाचट जाळू नका, सरीत कुजवा, हे सांगून आमची जीभ झिजली. दुसरे औषध फवारणीचे. गरोदर बाईने फवारणीच्या जवळपासही जाऊ नये. पण फवारून आलेल्या घरधन्याचे कपडे कोण धुते? तीच धुते, हाताने. क्लोरपायरीफॉससारख्या औषधाचा अंश कातडीतून अंगात जातो. डोकेदुखी, मळमळ, घाम, चक्कर ही त्याची लक्षणे. आपले कपडे त्या दिवसांत आपणच वेगळ्या बादलीत धुवावेत. फवारणीनंतर तिला असा त्रास झाला तर थेट दवाखाना गाठावा आणि औषधाची बाटली बरोबर न्यावी.

आता गोळीविषयी. आधी अंधाऱ्या खोलीत अर्धा-एक तास पडू द्यावे, कपाळावर गार पाण्याची घडी ठेवावी, मान आणि खांदे हलक्या हाताने चोळून द्यावेत. कपाळाला सुंठीचा लेप लावायचा असेल तर लावा, त्याने बिघडत नाही. एवढ्यानेही राहिले नाही तर गरोदरपणी चालणारी गोळी म्हणजे साधी पॅरासिटामॉल, आणि तीही लागेल तेवढीच, डॉक्टरांना किंवा सिस्टरला विचारून. दुकानदार कागदाच्या पुडीत दोन-तीन रंगांच्या गोळ्या बांधून देतो त्या नकोत. त्यात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असे काही असते. पाच महिन्यांनंतर अशा गोळ्यांनी पोटातल्या बाळाची किडनी बिघडू शकते व गर्भजल कमी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली तसा जाहीर इशारा दिला होता. अर्धशिशी जुनी असेल तर पुष्कळ जणींना चौथ्या महिन्यानंतर आराम पडतो. पण अर्धशिशीच्या जुन्या गोळ्या, विशेषतः अर्गोटामाइन असलेल्या, गरोदरपणी बंदच ठेवायच्या.

एवढे झाले साध्या डोकेदुखीचे. आता ज्यासाठी हा लेख लिहिला तो भाग.

पाचव्या महिन्यानंतर, म्हणजे २० आठवडे झाल्यावर, गरोदर बाईचे डोके जोरात दुखू लागले आणि विश्रांतीने किंवा गोळीने राहीना, तर त्याच दिवशी तिचा रक्तदाब मोजला गेलाच पाहिजे. उद्या नाही, बाजारच्या दिवशी नाही. ठिबकचा फिल्टर कोंडला म्हणजे प्रेशर गेजचा काटा वर चढतो आणि पाईप फुटण्याआधी आपल्याला सावध करतो. शरीराला असा काटा बाहेरून दिसत नाही, म्हणून यंत्र लावून पाहावे लागते. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला की काळजीची वेळ. १६० किंवा ११० झाला की रात्र असो, अमावस्या असो, मोठा दवाखाना.

या रोगाला डॉक्टर प्री-एक्लाम्प्सिया म्हणतात. काय होते, तर वार जेथे गर्भाशयाला चिकटते तेथल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद व्हायला हव्यात, त्या काही बायांत होत नाहीत. वारेला रक्त कमी पडते, आणि तिच्यातून असे काही पदार्थ आईच्या रक्तात उतरतात की सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या बिघडू लागतात. रक्तदाब चढतो, किडनीतून प्रथिने लघवीवाटे जाऊ लागतात, मेंदू आणि यकृत यांना इजा होते. बाळाची वाढही खुंटते. डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा अंधुक दिसणे, बरगडीखाली उजवीकडे किंवा छातीच्या मध्याखाली दुखणे, चेहरा व हात एकाएकी सुजणे, बांगड्या-अंगठी घट्ट होणे ही त्याची लक्षणे. पाय तर गरोदरपणी पुष्कळ जणींचे सुजतात; तोंडावरची सूज निराळी समजा. आणि काही बायांना यातले काहीच होत नाही, नुसता रक्तदाब चढलेला असतो. म्हणून तर दर तपासणीला रक्तदाब आणि लघवी दोन्ही पाहतात.

वेळेवर धरले नाही तर झटके येतात. झटका आला की आपल्याकडे काय होते ते सांगायला नको. कोणी म्हणते अंगात आले, कोणी कांदा हुंगवतो, कोणी दातात चमचा घालतो, एक जण देवऋष्याकडे पळतो. यांतले काहीही करू नका. तिला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. हे औषध जुने आणि स्वस्त आहे. ३३ देशांतील सुमारे १०,००० बायांवर त्याची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि झटक्यांचा धोका त्याने निम्म्याहून कमी होतो असे दिसले. मात्र रोग पुरता उतरायला लागतो तो बाळंतपण झाल्यावरच. ते केव्हा करायचे हे डॉक्टर ठरवतात; "अजून दिवस भरले नाहीत" म्हणून घरच्यांनी अडून बसू नये.

आमच्याच कार्यक्षेत्रातल्या एका गावात एका सभासदाची मुलगी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. आठवा महिना. दोन दिवस डोके दुखत होते. प्रवासाचा शीण म्हणून आधी सोडून दिले, मग दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी आशाताई सहज डोकावल्या, त्यांनी चेहऱ्याची सूज पाहिली आणि तिला घेऊन उपकेंद्रात गेल्या. रक्तदाब १७०/११०. तासाभरात ती जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या वाटेवर होती. बाळ कमी वजनाचे झाले, बरेच दिवस काचेत ठेवले, पण आज अंगणात खेळते आहे. तिचे कार्ड सासरीच राहिले होते, सहाव्या महिन्यात रक्तदाब किती होता हे कोणालाच सांगता येईना. मुलगी माहेरी आणताना ओटीचे नारळ जसे आठवणीने आणतो तसे माता व बालसंरक्षण कार्डही आणायचे, एवढे प्रत्येक बापाने ध्यानात ठेवावे.

पहिलटकरीण, जुळे असलेली, पस्तिशीच्या पुढची, मागच्या खेपेला रक्तदाब चढलेली, मधुमेह असलेली, किंवा आईला-बहिणीला हा त्रास झालेली बाई असेल तर तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना तसे सांगावे. काही जणींना ते त्या वेळेपासून रोज ॲस्पिरिनची लहान गोळी चालू करतात, तिने धोका कमी होतो. ती आपल्या मनाने घ्यायची नाही. आणि घरात मीठ तोडले की भागले, हीही समजूत खोटी. नेहमीइतके मीठ खाल्ल्याने हा रोग होत नाही आणि सोडल्याने थांबत नाही.

बाळंतपण झाले म्हणजे सुटलो असेही नाही. सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब चढू शकतो. सिझेरियनवेळी पाठीत इंजेक्शन दिले असेल तर उठून बसल्यावर डोके दुखते आणि आडवे झाल्यावर राहते, त्याचा इलाज आहे, डॉक्टरांना सांगावे. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात, ती रीत मोडा. अंगातले पाणी आटले की रक्त घट्ट होते, आणि क्वचित मेंदूतल्या रक्तवाहिनीत गाठ धरते. त्याची सुरुवातही डोकेदुखीनेच होते.

शेवटी तोडणीच्या टोळ्यांविषयी. बीडकडून, नगरकडून कोयते येतात, त्यांत दर हंगामाला गरोदर बाया असतातच. डोके दुखते म्हणून तिने पाच वाजता मोळ्या उचलायला नकार दिला तर मुकादम खाडा धरतो, म्हणून ती बोलत नाही. ऊस आपल्या फडातला, तेव्हा विचारायचे काम आपले. टोळी कोप्या टाकील त्याच आठवड्यात गावच्या आशाताईंना फडावर बोलवावे. कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात या बायांची तपासणी फुकट होते, गाव दुसरे म्हणून कोणी परत पाठवत नाही. आणि प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना तपासतात. त्या दिवशी टोळीतल्या गरोदर बाईचा खाडा धरू नये, असे आम्ही मुकादमांना सांगितले आहे, सभासदांनीही सांगावे. रात्री-अपरात्री १०८ ला उशीर होतोय असे वाटले तर गट ऑफिसला कळवा. शेतकी खात्याची जीप या कामाला द्यायला आम्ही आजवर नाही म्हटलेले नाही.