हरकती व सूचना : नदीकाठच्या माणसाचा हक्क

संस्थेच्या महोत्सवी अंकात समुद्री वादळाचा आणि पुराचा विषय कशाला, असे काही सभासदांना वाटण्याचा संभव आहे. कामरेज काही बंदर नव्हे. येथून समुद्र दिसत नाही, की त्याची गाज ऐकू येत नाही. परंतु आपली वस्ती तापीच्या काठी आहे, आणि तापीचे एक टोक समुद्राच्या हाती आहे. ही गोष्ट नीट समजली म्हणजे पुढचे सारे विवेचन आपोआप समजेल, असा आमचा विश्वास आहे.

तापी मध्यप्रदेशात मुलताई येथे उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या खाली समुद्रास मिळते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर असून त्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. आपल्यापैकी बहुसंख्य कुटुंबे खानदेशातून पोटापाण्यासाठी इकडे आली. तेव्हा असे म्हणता येईल की शहाद्याला नि अमळनेरला आपल्या भावकीच्या शेतावर पडलेला पाऊसच काही दिवसांनी आपल्या दारावरून समुद्राकडे जातो.

हे पाणी समुद्राने घेतले तर ठीक. पण तापीच्या मुखाशी भरती मोठी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी कित्येक मीटर चढते, आणि त्याच वेळी किनाऱ्यावर वादळ असेल तर वारा समुद्राचे पाणी आणखी आत रेटतो. नदीचे पाणी तुंबते व मागे फुगते. सुरतेत सिंगणपोर येथील बंधारा एरवी भरतीचे खारे पाणी वर येऊ देत नाही. परंतु खाली वाट अडलेली असेल तर वरचे पाणी ओसरण्यास वेळ लागणारच. मोरी तुंबली म्हणजे न्हाणीघरात पाणी साचते, तसाच हा प्रकार.

१९६८ सालच्या ऑगस्टातील महापूर सुरतेतील जुनी माणसे अजून सांगतात. पुढे १९७२ साली उकाई धरण पुरे झाले आणि आता पुराचे भय सरले असे लोकांनी मानले. हा समज २००६ च्या ऑगस्टात खोटा ठरला. ७ ते ९ ऑगस्ट या दिवसांत उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला. त्या दिवसांत आपल्या घराघरांतून पोळीभाजी करून पाठविली गेली, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल.

पाणी ओसरल्यावर वाद उसळला. धरण आधीच फार भरून ठेवले होते काय? कोणत्या तारखेला जलाशयात किती उंचीपर्यंत पाणी ठेवावे याचे एक कोष्टक असते. त्याला रूल लेव्हल म्हणतात. शहराला वाटते, पावसाळ्यात धरण रिकामे असावे. ऊस आणि भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याला वाटते, ते भरलेले असावे. कारण पुढचा पाऊस कोणी पाहिला आहे? दोघांचेही म्हणणे रास्त आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ इंजिनियरांचा नव्हे. कोणी किती धोका पत्करावा, हा त्यातला खरा मुद्दा आहे, आणि तो ठरविताना ज्यांच्या घरात पाणी शिरते त्यांचे म्हणणे ऐकले गेलेच पाहिजे.

पुरानंतर नागरिकांच्या एका लोकसमितीने स्वतः चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. पुढे महापालिका, दक्षिण गुजरात चेंबर ऑफ कॉमर्स आणि तज्ज्ञ मंडळी यांनी रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साह्याने, उकाईच्या वरच्या भागातील पावसावरून सुरतेला आगाऊ सूचना देणारी व्यवस्था उभी केली. लोकांनी प्रश्न विचारला नसता तर हे इतक्या लवकर घडले असते, असे आम्हांस वाटत नाही.

आता कायद्याने आपल्याला काय दिले आहे ते पाहू.

पहिली वाट विकास आराखड्याची. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर दोन महिन्यांच्या आत कोणीही हरकत वा सूचना देऊ शकतो. कामरेज तालुक्यातील काही गावे सुरत नागरी विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘सुडा’च्या, क्षेत्रात येतात. रस्ता कोठून जाणार, कोणती जमीन मोकळी राहणार, खाडीचा काठ बांधकामास खुला होणार की नाही, हे सारे त्या नकाशावर असते.

दुसरी वाट जिल्हा आपत्ती व्यवस्थापन योजनेची. २००५ च्या कायद्यानुसार ती स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून तयार करावयाची व दरवर्षी तपासावयाची असते. तेव्हा ग्रामसभेत ठराव करून पंचायतीमार्फत आपले म्हणणे तेथवर पोहोचविता येते.

तिसरी वाट जाहीर सुनावणीची. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांपैकी पुष्कळांना ती बंधनकारक आहे. निदान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो.

इतके असूनही आपण कोठे कमी पडतो? येथे आमचीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी फलकावर एक गुजराती सूचना लागली होती व तिच्यात ‘वांधा-सूचनो’ मागविली होती. मराठीत वांधा म्हणजे अडचण, खोळंबा. कोणाचा तरी वांधा झाला असेल, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून आम्ही पुढे गेलो. गुजरातीत वांधा म्हणजे हरकत, हे कळले तेव्हा मुदत टळून गेली होती. दोष फलकाचा नव्हता. या मातीत दोन पिढ्या राहून तिची लिपी वाचण्याचा आळस केला, हा दोष आमचा.

हरकत लिहावी कशी, याविषयी दोन शब्द. ‘आमच्यावर अन्याय होत आहे’ एवढ्याने भागत नाही. सर्व्हे नंबर लिहावा. नकाशाच्या कोणत्या भागाविषयी बोलत आहोत ते स्पष्ट करावे. कोणत्या साली, कोणत्या तारखेस, पाणी ओट्याच्या कितव्या पायरीपर्यंत आले ते मोजून सांगावे. त्या खुणेचे छायाचित्र जोडावे. शेवटी आपली मागणी एका वाक्यात लिहावी : नाल्याची रुंदी कमी करू नये, मोरी मोठी घालावी, शाळेची इमारत पूरकाळी आसऱ्यासाठी उंच बांधावी. अर्ज दिल्यावर शिक्क्यानिशी पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे तोंडी बोलणेच.

दिलेली प्रत्येक हरकत मान्य होईल असे नाही. अधिकाऱ्यांनी तिचा विचार केला पाहिजे, ती मानलीच पाहिजे असे नव्हे. आणखी एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. नाला रुंद करा असे आपण म्हणू, तेव्हा त्या रुंदीत आपल्याच एखाद्या सभासदाचे घर येईल. त्याने कर्ज काढून ते बांधलेले असेल. अशा वेळी बाकीच्यांनी सुरक्षित व्हावे आणि एकट्याने बेघर व्हावे, हा न्याय नव्हे. म्हणून आपल्या सूचनेत नाल्याबरोबर त्याच्या पर्यायी घराची मागणीही असली पाहिजे. समाज म्हणून एकत्र येण्याचा अर्थ तरी दुसरा कोणता?

संस्थेने आजवर वह्या वाटल्या, शिष्यवृत्त्या दिल्या, अडल्यानडल्यास मदत केली. आता आणखी एक लहानसे काम तिने अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे. गुजराती चांगले वाचणाऱ्या दोन तरुणांनी महिन्यातून एकदा पंचायत व मामलतदार कचेरीतील सूचना पाहून त्यांचा मराठी गोषवारा संस्थेच्या फलकावर लावावा. आणि वडीलधाऱ्यांनी आपापल्या भिंतीवरील पुराच्या खुणा त्यांना दाखवून एका वहीत नोंदवून घ्याव्यात. रंग दिला की त्या खुणा पुसल्या जातात, आणि त्या जाणणारी माणसेही कायमची नसतात. ती वही पुढच्या आराखड्याच्या वेळी आपली सर्वांत मोठी साक्षीदार ठरेल.