टँकरचे पाणी आणि स्टेरॉइडची गोळी

साखरखेर्ड्यातील एखाद्या घराच्या पाण्याच्या टाकीची कल्पना करू. टाकीत नळाच्या तोंडाशी तरंगता चेंडू असलेली झडप, म्हणजे बॉल कॉक असतो. पाणी कमी झाले की झडप उघडते, टाकी भरली की मिटते. समजा, ही टाकी आपण महिनोन् महिने टँकरनेच भरली. चेंडू कायम वर राहील आणि मिटलेली झडप गंजून जाईल. मग एके दिवशी टँकर आलाच नाही तर? चेंडू खाली येईल, पण झडप लगेच उघडणार नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने बंद केल्यावर शरीरात असेच काहीसे घडते.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर चार-पाच ग्रॅम वजनाची अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्यात तयार होणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तदाब व रक्तातील साखर सांभाळते, आजारपणाचा ताण सोसायला मदत करते. अल्डोस्टेरोन हे दुसरे संप्रेरक शरीरातील मीठ राखते. कॉर्टिसॉल कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडून अधिवृक्क ग्रंथीला कामाला लावते. पुरेसे झाले की हा आदेश थांबतो.

ही ग्रंथीच निकामी झाली तर थकवा येतो, वजन घटते, उभे राहताच चक्कर येते, कातडी काळवंडते. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या रोगाचे वर्णन केले. क्षयरोग हे आपल्याकडे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. पूर्वी असे रुग्ण फार काळ जगत नसत. अधिवृक्क संप्रेरकांवरील संशोधनासाठी केंडाल, राइकश्टाइन व हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन आणि गरजेनुसार फ्लुड्रोकॉर्टिसोन घेऊन रुग्ण नेहमीचे आयुष्य जगतो. इथे नळाचे पाणीच आटलेले असते, म्हणून टँकर बहुधा जन्मभर लागतो. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध कॉर्टिसॉल लवकर नष्ट करते. त्यामुळे ते सुरू करताना डॉक्टरांना मात्रा वाढवावी लागू शकते.

दमा, संधिवात वा त्वचारोगासाठी बरेच आठवडे स्टेरॉइड घेणाऱ्यांची ग्रंथी मात्र निरोगी, पण सुस्तावलेली असते. तिला जागे व्हायला काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. सांधेदुखीच्या काही निनावी पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. तेथे तर आपण काय घेत होतो हेच रुग्णाला ठाऊक नसते.

मोठ्या तापात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी निरोगी ग्रंथी जास्त कॉर्टिसॉल बनवते. या रुग्णांना ते जमत नाही. म्हणून तापात मात्रा किती वाढवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन तातडीने लागते. उशीर जिवावर बेततो.

बरे वाटले, उपवास आहे, गोळ्या संपल्या, यांपैकी कोणतेही कारण गोळी चुकवायला पुरेसे नाही. वर्गातील एखादा विद्यार्थी अशी गोळी घेत असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी शाळेतही असू द्यावी. त्याला उलट्या होऊन ग्लानी आली, तर ‘जरा पडून राहा’ म्हणू नये. चिठ्ठी बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठावा.