एवढीशी चिठ्ठी, केवढं काम!

बालमित्रांनो, आजीची पाककृतींची वही पाहिलीय कधी? ती कपाटात जपून ठेवलेली असते. लाडू करायचे असले, की आई तेवढीच कृती कागदावर उतरवून ओट्याशी नेते. आपल्या पेशीत अगदी असंच चालतं, बरं का! वही म्हणजे डीएनए, उतरवलेला कागद म्हणजे आरएनए आणि लाडू म्हणजे प्रथिनं.

पण गंमत अशी, की या वहीतला दोन टक्क्यांहून कमी मजकूर प्रथिनांच्या कृतींचा असतो. उरलेल्या बऱ्याच मजकुराला शास्त्रज्ञ एके काळी चक्क अडगळ म्हणत! १९९३ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत अवघ्या २२ अक्षरांच्या आरएनएचं काम उमगलं. त्यापासून प्रथिन बनत नाही. मग तो करतो काय? दुसऱ्या आरएनएला चिकटतो आणि सांगतो, "आता पुरे!" जणू आईच्या कागदावर कुणी 'लाडू नकोत' अशी चिठ्ठीच डकवली. असे शेकडो मायक्रोआरएनए माणसातही आहेत. या शोधाला २०२४ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता आतड्याकडे वळू या. मोठ्या आतड्याचं अस्तर साधारण चार-पाच दिवसांत नवं होतं. एवढ्या पेशी घडायच्या, तर लगाम हवाच. पीडीसीडी-४ हे प्रथिन असाच एक लगाम. आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत मायक्रोआरएनए-२१ नावाची चिठ्ठी जास्त आढळते आणि ती नेमकी या लगामाच्याच कृतीवर चिकटते. लगाम सैल झाला, की पेशींची वाढ आवरणार कोण? अर्थात, कारण हे एकच नव्हे. डीएनएच्या वहीतल्या इतर चुकाही त्यात असतात.

हा आजार मात्र एका रात्रीत होत नाही. बहुतेकदा आधी अस्तरावर छोटा कोंब येतो. सगळेच कोंब बिघडत नाहीत, पण जो बिघडतो त्यालाही बरीच वर्षं लागतात. तेवढ्यात दुर्बिणीने तपासून डॉक्टर तो काढून टाकू शकतात. मग अडतं कुठे? लाजेपाशी! शौचातून रक्त पडलं, तरी मोठी माणसं "मूळव्याध असेल" म्हणून गप्प बसतात. पुष्कळदा ती मूळव्याधच असते, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी.

तेव्हा मुलांनो, घरात असं काही कानावर आलं, तर आजोबांना, बाबांना, आईला न लाजता सांगा, "आधी डॉक्टरांना दाखवा." तुमची ही एवढीशी चिठ्ठीही मोठं काम करील. सांगाल ना?