वकील आणि मंगळसूत्र

घटस्फोटाच्या दाव्यात वकील द्यावयाचा तर आधी मंगळसूत्र मोडावे लागते, असा अनेक स्त्रियांचा समज असतो. वस्तुतः १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलास पात्र आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करता येतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. वादापेक्षा समेट व्हावा, हा त्यामागील हेतू. तथापि पोटगी आणि मुलांचा ताबा ठरताना जाणकाराचा सल्ला नसेल, तर दुबळ्या बाजूचेच नुकसान होते. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. ते दाखविण्याचे काम गावोगावच्या शिक्षकांनी आणि कचेरीतील कारकुनांनी का करू नये?