अंधारातला लोलक



“मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले!” असे कोणी म्हटले की आपण बहुधा वाद थांबवतो. पण डोळे पाहत असतात तेव्हा मनही त्यांच्या जोडीला बसलेले असते. आणि जे दिसावे असे मनाला वाटते, ते पुष्कळदा डोळ्यांना दिसू लागते. हे फक्त भोळ्याभाबड्या माणसांच्या बाबतीत घडते असे समजू नका. एका नाणावलेल्या भौतिकशास्त्रज्ञाच्या बाबतीत ते घडले आणि त्याच्या मागोमाग इतरही अनेक शास्त्रज्ञांच्या बाबतीत घडले. ती हकीगत अशी.

१८९५ साली रंटजेन यांनी क्ष-किरण शोधून काढले. पाठोपाठ किरणोत्सर्गाचाही शोध लागला. आणखी कोणते अदृश्य किरण दडलेले असतील, या शोधात सारे होते. फ्रान्समधील नान्सी येथील विद्यापीठात रेने ब्लाँद्लो हे प्राध्यापक क्ष-किरणांवर प्रयोग करीत होते. १९०३ साली त्यांनी एक नवेच किरण सापडल्याचे जाहीर केले आणि नान्सीच्या आद्याक्षरावरून त्यांना ‘एन-किरण’ असे नाव दिले.

हे किरण ओळखायचे कसे? अंधाऱ्या खोलीत एक बारीकशी विद्युत-ठिणगी, किंवा कॅल्शियम सल्फाइडचा लेप दिलेला, मंद चकाकणारा पडदा ठेवायचा. किरण त्यावर पडले की तो किंचित अधिक उजळ दिसतो, असे ब्लाँद्लो यांचे म्हणणे होते. हा ‘किंचित’ शब्द लक्षात ठेवा. सारी गोम तेथेच आहे.

मग काय, एन-किरणांचा पूरच आला! ते सूर्यापासून निघतात, पाणी चढवलेल्या पोलादातून निघतात, माणसाच्या शरीरातूनही निघतात, असे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. काही वर्षांत या विषयावर सुमारे ३०० लेख निघाले. मात्र इंग्लंड आणि जर्मनीतल्या काही निष्णात प्रयोगकर्त्यांना, कितीही खटपट केली तरी, हे किरण दिसेनात.

असेच आणखी एक होते अमेरिकेतील रॉबर्ट वुड. प्रकाशशास्त्रात त्यांचा हातखंडा होता. १९०४ साली ते थेट नान्सीच्या प्रयोगशाळेतच जाऊन पोहोचले. त्यांना प्रथम ठिणगीचा प्रयोग दाखवण्यात आला. किरणांच्या वाटेत हात धरला की ठिणगी मंदावते, असे सांगितले गेले. वुड यांना फरक दिसेना. तेव्हा त्यांनी सुचवले, “मी मधूनमधून हात आड धरीन; केव्हा धरला ते तुम्ही ठिणगीकडे पाहून सांगा.” एकही उत्तर बरोबर आले नाही.

नंतर दुसरा प्रयोग झाला. ॲल्युमिनियमच्या लोलकातून जाताना एन-किरण वळतात व त्यांचा पट्टा पसरतो, असा दावा होता. चकाकणारी बारीक रेघ पट्ट्यावरून सरकवीत कोठे ती उजळते याची मापे घ्यायची होती. खोलीत काळोख होता. वुड यांनी गुपचूप लोलकच उचलून घेतला! तरीही पूर्वीचीच मापे वाचली जात राहिली. किरणांना वळवणारी वस्तूच जागेवर नव्हती, मग ते वळत कशाने होते?

वुड यांनी हा वृत्तान्त ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि फ्रान्सबाहेर एन-किरणांचा विषय जवळजवळ संपला.

आता आपण थोडे थांबून विचार करू. ब्लाँद्लो लबाड होते काय? मुळीच नाही. त्यांनी जे सांगितले ते त्यांना खरोखरच दिसत होते. ठिणगीचा उजेड मुळात कमीजास्त होत असतो. अंधारात डोळाही फसतो. “आता ती उजळणार” हे आधीच ठाऊक असले की ती उजळलेली दिसते. ठिणगी दिसणे हे निरीक्षण. ती एन-किरणांमुळे उजळली हा अनुमानाचा भाग. निरीक्षण आणि अनुमान यांची गाठ आपण न कळत मारतो. ती सोडवता येणे ही चिकित्सक विचाराची पहिली पायरी.

दुसरी पायरी म्हणजे हरू शकणारी कसोटी. वुड यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: हे किरण नसते, तर काय वेगळे दिसले असते? ज्या कसोटीत आपले म्हणणे खोटे ठरण्याला वावच नाही, ती कसोटी नव्हे.

तुम्ही म्हणाल, उपकरण वापरले असते तर? ब्लाँद्लो यांनी ठिणगीची छायाचित्रेही घेतली होती. पण छायाचित्राची काच हाताने इकडून तिकडे सरकवली जाई, आणि सरकवणाऱ्याला किरण कोणत्या बाजूला आहेत ते ठाऊक असे. उपकरण तटस्थ असले तरी हात तटस्थ नव्हता. म्हणून तिसरी पायरी: माप घेणाऱ्याला अपेक्षित उत्तर कळू न देणे. नव्या औषधांची परीक्षा घेताना आजही हाच नियम कसोशीने पाळतात.

पुढे एका फ्रेंच नियतकालिकाने ब्लाँद्लो यांना एक सोपी कसोटी सुचवली. दोन सारख्या बंद पेट्या. एकीत किरण देणारा धातू, दुसरीत न देणारा. कोणती कोणती ते ओळखावे. त्यांनी नकार दिला. मला वाटते, त्यांची खरी हार लोलक काढला तेव्हा झाली नाही, ती या नकारात झाली. डोळे कोणाचेही फसतील; पण तपासून घ्यायला नकार देणे हे आपल्या हातात असते.

हे तुम्हाला घरीही करून पाहता येईल. समजा, तुमचा मित्र म्हणतो, “माठातले पाणी मी चवीवरून ओळखतो.” माठातले आणि नळाचे पाणी दोन सारख्या भांड्यांत रात्रभर झाकून ठेवा, म्हणजे थंडपणावरून ओळखता येणार नाही. सकाळी आठ सारखे पेले घ्या. चार एका पाण्याचे, चार दुसऱ्याचे. पेल्यांखाली खुणा करून एकाने ते मांडावे व बाहेर जावे. ज्याला क्रम ठाऊक नाही अशा दुसऱ्याने ते मित्रापुढे ठेवावे. आता त्याने माठाच्या पाण्याचे चार पेले निवडायचे.

आठांतून चार निवडण्याच्या तऱ्हा ७० आहेत. तेव्हा नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याचा संभव सत्तरात एक. मित्राने चारही अचूक निवडले, तर त्याचे म्हणणे मनावर घ्या आणि प्रयोग पुन्हा करा. दोन चुकले, तर त्याची थट्टा करू नका; तितके तर अंदाजानेही जमते, एवढेच नोंदवा. आणि हो, पुढच्या खेपेला पेल्यांपुढे तुम्ही स्वतः बसा.

शंका घेणे म्हणजे सगळेच नाकारणे नव्हे. क्ष-किरणही विलक्षणच होते. पण ते ज्याने त्याने आपल्या प्रयोगशाळेत तपासले आणि ते सर्वत्र सापडले, म्हणून जगाने मानले. एखाद्या गुणकारी काढ्याचा निरोप मोबाइलवर आला, की तो खरा की खोटा हे ठरवण्याची घाई करू नका. आधी विचारा: तो न घेताही हे रोगी बरे झाले असते काय? ते कोणी तपासून पाहिले आहे काय? आणि हा प्रश्न आपल्या स्वतःच्या लाडक्या मतांनाही विचारायला विसरू नका.