छातीच्या एक्स-रेमागचे गणित

पुण्यातील अनेक रुग्णालयांत छातीचा एक्स-रे आता फिल्मऐवजी सपाट संवेदकावर घेतला जातो. रुग्णाने खांदे पुढे झुकवून दीर्घ श्वास रोखून धरला की काही सेकंदांत प्रतिमा पडद्यावर येते. मात्र ती संवेदकाने टिपलेली मूळ नोंद नसून तिच्यावर संगणकीय संस्कार झालेले असतात.

संवेदकाच्या १४ बिटांच्या नोंदीत १६,३८४ करड्या छटा मावतात, तर साधा पडदा २५६ छटाच दाखवतो. त्यात छाती हा अवघड विषय. हवेने भरलेल्या फुप्फुसांतून किरण सहज आरपार जातात, पण हृदय आणि मणक्यांपलीकडे त्यांचा अगदी थोडा अंश पोहोचतो, त्यामुळे जुन्या फिल्मवर फुप्फुस नीट दिसावे तर हृदयामागचा भाग पांढराफटक राही. यावर तोडगा म्हणून छटांची फेरवाटणी केली जाते. शिवाय प्रतिमेची एक धूसर प्रत काढून ती मूळ प्रतिमेतून वजा केली जाते आणि उरलेले बारकावे वाढवून मूळ प्रतिमेत परत मिसळले जातात, ज्यामुळे फासळ्यांच्या कडा आणि रक्तवाहिन्यांच्या शाखा ठसठशीत दिसतात.

हा संस्कार अति झाला, तर निरोगी फुप्फुसातील नेहमीच्या रेषा आजाराच्या जाळीसारख्या भासतात आणि पेसमेकरभोवती खोटे काळे वलय उमटते. त्याहून फसवी गोष्ट किरणांच्या मात्रेची आहे. किरण जास्त पडले की फिल्म काळी पडून चूक उघडी पडे. डिजिटल प्रतिमा मात्र तेव्हाही देखणीच दिसते, म्हणून प्रतिमेसोबत येणारा ‘एक्स्पोजर इंडेक्स’ हा आकडा टेक्निशियनने पाहणे अगत्याचे ठरते.

याच प्रतिमा आता यंत्रेही वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग चाचपणीत मानवी वाचकाऐवजी अशी प्रणाली वापरण्यास मान्यता दिली. पुण्यातील डीपटेक या कंपनीची ‘गेंकी’ ही त्यांपैकीच एक प्रणाली असून चेन्नई महापालिकेने ती वापरली आहे. अशी प्रणाली निदान करत नाही, तर क्षयाच्या शक्यतेचा अंक देते, आणि कोणत्या अंकापुढे रुग्णाला थुंकीच्या तपासणीस पाठवायचे हे माणसांनी ठरवायचे असते. ती मर्यादा खाली आणली तर रुग्ण निसटण्याची भीती कमी होते, पण निरोगी माणसांचीही रांग वाढते. त्यामुळे हाताशी किती तपासण्यांची सोय आहे, हे पाहूनच ती ठरवावी लागते.