फळा आणि खतावणी

माणसे एकत्र येऊन काम करू लागली, की त्यांना दोन साधनांची गरज भासते. पहिले साधन म्हणजे विचार मांडण्यासाठी मोकळी जागा आणि दुसरे म्हणजे ठरलेल्या गोष्टींची पक्की नोंद. वर्गातील फळा हे पहिल्या साधनाचे परिचित रूप होय, तर व्यापाऱ्याची वही हे दुसऱ्याचे. फळ्यावर मनात येईल ते लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे. वहीत मात्र जे उतरले ते जबाबदारीने उतरलेले असते. संगणकाच्या युगात ही दोन्ही साधने पडद्यावर आली आणि ती एकमेकांशी कशी जोडावीत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

प्रथम वहीचा विचार करू. 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क टू' या संगणकाच्या एका विद्युत-यंत्रणेत एक पतंग अडकलेला सापडला. तेथील कर्मचाऱ्यांनी तो कामाच्या नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी त्याची नोंद केली. 'बग' म्हणजे किडा हा शब्द यंत्रातील दोषासाठी त्यापूर्वीही वापरला जात असे. म्हणूनच खराखुरा किडा सापडल्याची ती नोंद मिश्किल ठरली. हे पान आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. दोष केव्हा सापडला आणि कोठे सापडला, हे लिहून ठेवण्याची शिस्त त्या पानात दिसते.

संगणकाच्या आज्ञावल्या मोठ्या होत गेल्या, तशी कागदी वही अपुरी पडू लागली. 1998 मध्ये मोझिला प्रकल्पाबरोबर 'बगझिला' ही दोषनोंदणीची प्रणाली सर्वांसाठी खुली झाली. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील अ‍ॅटलासियन या कंपनीने 'जिरा' ही प्रणाली आणली. गॉडझिला या चित्रपटातील राक्षसाचे जपानी नाव 'गोजिरा'. त्यावरून हे नाव पडले. अशा प्रणालीला 'इश्यू ट्रॅकर' म्हणतात. तिच्यात प्रत्येक कामाला किंवा दोषाला स्वतंत्र क्रमांक मिळतो. ते काम कोणी सांगितले, कोणाकडे सोपवले, कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्यावर कोणी काय म्हटले, हे सारे त्या क्रमांकाखाली साठत जाते.

आता फळ्याकडे वळू. जपानमधील टोयोटा मोटार कारखान्यात ताइइची ओनो यांनी 1950 च्या दशकात 'कानबान' पद्धत रुजवण्यास प्रारंभ केला. कानबान म्हणजे पाटी. सुट्या भागांच्या खोक्याबरोबर एक पत्र असे. भाग वापरले गेले, की ते पत्र मागच्या विभागाकडे परत जाई आणि तेवढेच नवे भाग तयार करण्याचा तो आदेश ठरे. काम डोळ्यांना दिसले, की तुंबलेली जागाही दिसते, हे या पद्धतीचे मर्म होते. पुढे आज्ञावली लिहिणाऱ्या गटांनीही ही कल्पना उचलली. 'करावयाचे', 'चालू' आणि 'पूर्ण' असे रकाने भिंतीवर आखले गेले आणि 1980 पासून अमेरिकेच्या बाजारात मिळू लागलेल्या, सहज निघणाऱ्या चिकट चिठ्ठ्या त्या रकान्यांतून पुढे सरकू लागल्या.

सर्वांना एकाच वेळी लिहिता येईल असा संगणकीय फळाही फार जुन्या काळापासून शोधला जात होता. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात 1980 च्या दशकात 'कोलॅब' नावाची बैठकीची खोली उभारली गेली. तेथे प्रत्येकापुढे संगणक असे आणि समोर मोठा पडदा. एकाला जे दिसते तेच इतरांनाही दिसावे, हे तिचे सूत्र होते. आजच्या 'मिरो' किंवा 'म्यूरल' यांसारख्या आभासी फळ्यांमागे हेच सूत्र आहे. 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे कार्यालये बंद पडली, तेव्हा भिंतीवरचा फळा आवाक्याबाहेर गेला आणि आभासी फळ्याचा वापर झपाट्याने वाढला.

वही आणि फळा दोन्ही उत्तम असले तरी त्यांच्यामध्ये एक दरी राहते. समजा, एका रुग्णालयासाठी औषधांच्या नोंदींची प्रणाली तयार होत आहे. बैठकीत चाचणी घेणारी तरुणी सांगते, की एकाच नावाचे दोन रुग्ण असल्यास त्यांच्या औषधांच्या याद्या एकमेकींत मिसळतात. कोणीतरी ते चिठ्ठीवर लिहून फळ्यावर लावते. सर्वजण माना डोलावतात. बैठक संपते. नोंदप्रणालीत ती गोष्ट चढवण्याचे काम 'कोणीतरी करील' म्हणून राहून जाते. काही महिन्यांनी चुकीचे औषध रुग्णाच्या हाती पडण्याची वेळ येते, तेव्हा त्या तरुणीचे बोलणे कोणालाच आठवत नाही. जे काम सर्वांचे असते, ते पुष्कळदा कोणाचेच नसते. येथे हानी रुग्णाची होते आणि वेळीच सावध करणाऱ्या व्यक्तीचे श्रेयही नाहीसे होते.

ही दरी भरून काढण्यासाठी फळा व नोंदप्रणाली यांची जोडणी करतात. तिचे कार्य समजण्यास आपल्या जमाखर्चाच्या पद्धतीचे उदाहरण उपयोगी पडेल. व्यापारी दिवसाचे व्यवहार रोजकीर्दीत लिहितो आणि नंतर ते खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतो. रोजकीर्दीत खात्याचे पान नमूद असते आणि खतावणीत रोजकीर्दीचे. त्यामुळे कोणत्याही नोंदीवरून तिच्या मुळाकडे जाता येते. आभासी फळ्यावरही चिठ्ठी निवडून तिचे नोंदीत रूपांतर करण्याची आज्ञा देता येते. त्याबरोबर नोंदप्रणालीत नवा क्रमांक तयार होतो आणि फळ्यावरील चिठ्ठीच्या जागी तो क्रमांक असलेले पत्र दिसू लागते. पुढे नोंदीची स्थिती 'चालू' वरून 'पूर्ण' अशी बदलली, तर फळ्यावरील पत्रही बदलते. जोडणी दुहेरी असेल, तर फळ्यावर केलेला बदलही नोंदीत उतरतो. एका प्रणालीत बदल झाला, की ती दुसरीला तत्काळ संदेश पाठवते, एवढेच यामागील तंत्र होय.

दूरदूरच्या गटांना याचा विशेष लाभ होतो. पुण्यात सायंकाळचे साडेसहा वाजतात, तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत कॅलिफोर्नियात सकाळचे सहा वाजलेले असतात. एकाचा दिवस मावळताना दुसऱ्याचा उगवतो. पुण्यातील गटाने काय ठरवले आणि का ठरवले, हे पलीकडच्या सहकाऱ्याला कोणालाही झोपेतून न उठवता कळते. कारण निर्णय नोंदीत असतो आणि त्यामागील चर्चेचे चित्र फळ्यावर.

तथापि जोडणी केली म्हणजे काम संपले, असे नाही. फळ्यावरील प्रत्येक चिठ्ठी नोंदीत लोटली, तर नोंदप्रणाली अडगळीची खोली बनते आणि महत्त्वाचे काम तिच्यात हरवते. शिवाय आपले प्रत्येक वाक्य नावानिशी कायमचे नोंदले जाणार, असे वाटले तर नवखी माणसे बोलण्यास कचरतात. म्हणून आधी मोकळेपणाने चिठ्ठ्या लावाव्यात, मग सारख्या चिठ्ठ्या एकत्र कराव्यात आणि शेवटी सर्वांच्या संमतीने निवडलेल्या गोष्टींनाच क्रमांक द्यावा. प्रत्येक क्रमांकापुढे एका व्यक्तीचे नाव असावे. कोणती माहिती कोठे बदलावयाची, हेही आधीच ठरवावे. अन्यथा दोन ठिकाणच्या दोन बदलांपैकी खरा कोणता, असा वाद उद्भवतो. फळा पाहण्याची मुभा कोणाला आहे, याकडेही लक्ष द्यावे लागते; कारण नोंदीतील गोपनीय मजकूर फळ्यावाटे भलत्याच्या दृष्टीस पडू शकतो.

यंत्र चिठ्ठीला क्रमांक देऊ शकते, परंतु कोणती चिठ्ठी मोलाची आहे, हे माणसांनीच एकमेकांचे ऐकून ठरवावयाचे असते. गटातील सर्वांत नवख्या व्यक्तीने हळू आवाजात सांगितलेली अडचण फळ्यावर यावी, फळ्यावरून नोंदीत जावी आणि ती सुटेपर्यंत कोणाच्या तरी नावावर राहावी, यासाठीच ही सारी खटपट असते.